अजिंठ्यात ठरली लेन्स

मुले कमावती झाली आणि कपाटातला रिळाचा कॅमेरा पुन्हा बाहेर निघाला. सोबत 28, 50 आणि 135 मिलिमीटरच्या तीन लेन्स. एक विकून दुरुस्तीचा खर्च भागवायचा होता. पण कोणती? आईचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. तिला अजिंठा फोटोतूनच दाखवायचा. म्हणून निवाडा अजिंठ्यावरच सोपविला.

जळगावहून एस.टी.ने फर्दापूर फाटा, तेथून लेण्यांची बस. वाघूर नदीच्या नालेसारख्या वळणावर ही लेणी कोरलेली आहेत. आत अंधार, आणि चित्रे जपण्यासाठी फ्लॅशला बंदी. ती योग्यच आहे. येथे उजेड जास्त घेणारी लेन्स हवी. माझी 50 ची एफ 1.8 आहे, 135 ची एफ 3.5, म्हणजे पहिली जवळजवळ चौपट उजेड घेते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी तिनेच टिपला.

लेणे क्रमांक 26 मध्ये तथागतांच्या महापरिनिर्वाणाची सुमारे 7 मीटर लांब मूर्ती आहे. ती समोरून पूर्ण मावायला 28 च्या लेन्सने साडेपाच मीटर मागे सरावे लागते, 50 ने पावणेदहा, तर 135 ने तब्बल सव्वीस. इथे तर पाठीशी लगेच खांबांची रांग! 28 लावून, चरणांकडे उभे राहून तिरपा फोटो घेतला, तेव्हा मूर्ती मस्तकापर्यंत मावली.

135 विकली. वाचकहो, लेन्स किमतीवरून ठेवू नका. कोणासाठी काय टिपायचे आहे, त्यावरून ठेवा. आणि सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.