विद्यार्थी झालेला गुरू

आम्ही इतिहासाचे शिक्षक. फादर थॉमस स्टीफन्स यांचा धर्मप्रसाराचा हेतू आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही. इंग्लंडचे हे जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि उपदेशापूर्वी लोकभाषेचे विद्यार्थी झाले. १६१६ साली त्यांचे ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांनी, १६४० साली प्रसिद्ध झाले. पुढे १६८४ साली त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने लोकभाषा सोडण्याचा हुकूम काढला.

मंद्रूपच्या या सीमाभागात घरी कन्नड बोलणारे मूल वर्गात गप्प बसते, तेव्हा आम्हांस स्टीफन्स आठवतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज शिक्षक आहेत, त्यांनी अशा मुलास मंद ठरविण्याआधी त्याची चार वाक्ये शिकावीत, एवढीच विनंती.