सायकल, रोम आणि लॉ कॉलेज रस्ता

पुणेकर जग पाहायला निघाला की आधी वाटखर्चाचा हिशेब मांडतो. मी मात्र गेल्या जानेवारीत तीन दिवसांत जपान, इराण आणि इटली पाहून आलो, आणि प्रवासखर्च झाला तो फक्त रिक्षाचा! आमच्या फिल्म सोसायटीने लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात परदेशी चित्रपटांचा छोटासा महोत्सव भरवला होता. शेवटच्या दिवशी दहा वर्षांच्या नातवालाही नेले. अर्थात इडलीच्या आमिषाने.

हा रस्ता मोठा भाग्याचा. 'प्रभात' कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून आली ती इथेच. इथे तयार झालेला 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पुढे 'प्रभात' बंद पडली; १९६० साली त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ साली संग्रहालय स्थापन झाले. म्हणजे आमचा देहूचा वाणी इटलीला जाऊन आला, आणि आता इटलीचा एक गरीब संसारी परतभेटीला आला होता.

चित्रपट होता दे सिकाचा 'बायसिकल थीव्ज', १९४८ सालचा. १९५२ साली मुंबईत भरलेल्या आपल्याकडच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातही तो दाखवला होता. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. नायक झालेला माणूस नट नव्हे, कारखान्यातला कामगार. घरातल्या चादरी गहाण टाकून सोडवलेली त्याची सायकल नोकरीच्या पहिल्याच दिवशी चोरीला जाते, आणि बापलेक सारे रोम पालथे घालतात.

खालची इंग्रजी अक्षरे मी नातवाला हळूच मराठीत सांगत होतो. मागच्या रांगेतून एक खास पुणेरी 'शूऽऽ' आला. मी गप्प बसलो. नातवाचे काहीच अडले नाही.

शेवटी हताश बाप स्वतःच एक सायकल पळवतो आणि पकडला जातो. लोक त्याला हिसडतात, टोपी खाली पडते, मुलगा सगळे पाहतो. आणि मग रडता रडता बापाचा हात धरतो.

बाहेर पडल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, बाबांनी चोरी केली, तरी त्याने हात का धरला?"

मला उत्तर सुचेना. सुचली ती १९६६ सालची एक संध्याकाळ. मी नऊ वर्षांचा. वडील कारकून. हप्त्याने घेतलेली त्यांची सायकल मंडईबाहेरून नाहीशी झाली. चौकीत हवालदाराने काहीतरी थट्टा केली, सगळे हसले. आणि वडीलही हसले, "हो साहेब, हो साहेब" म्हणत. ते हसणे मला सोसवेना. घरापर्यंत मी त्यांच्या दहा पावले पुढे चालत राहिलो, जणू हा गृहस्थ माझा कोणीच नव्हे. त्यांनीही हाक मारली नाही. पुढे सहा महिने ते पायीच कचेरीत गेले.

हे सारे नातवाला सांगून टाकले. घरात आजवर कोणालाच सांगितले नव्हते.

"मग नंतर तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?"

"नाही रे. राहूनच गेले."

तो थोडा वेळ गप्प चालला. मग म्हणाला, "तुम्ही तेव्हाच हा सिनेमा पाहायला हवा होता."

इडलीचे दुकान येईपर्यंत मला त्यावर काही बोलता आले नाही.