आडनाव विचारून प्रोसेस कळत नाही

संगणक जड चालायला लागला की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो: ‘फॉरमॅट मारा.’ या सल्ल्याविरुद्ध आम्हाला बोलायचे आहे. पण त्याआधी आमची स्वतःची चूक कबूल केली पाहिजे.

आम्ही राहतो जळगावला आणि काम करतो धुळ्यात. साक्री रोडच्या बाजूला एका खोलीत आमची अभ्यासिका चालते. तिथे कुणीतरी दान दिलेला जुना संगणक आहे, ४ जीबी रॅमचा, विंडोज १० असलेला. शिष्यवृत्तीचे दिवस आले की महाडीबीटीचे अर्ज भरायला पोरांची रांग लागते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट हे सगळे सायबर कॅफेतून स्कॅन करून पोरे पेन ड्राइव्हमध्ये आणतात.

एकदा शिरपूर तालुक्यातली एक मुलगी असाच पेन ड्राइव्ह घेऊन आली. उघडला तर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट. “दादा, माझे कागद गेले का?” तिने विचारले. आम्ही जाणकाराच्या थाटात सांगितले, व्हायरस आहे, फॉरमॅट करावा लागेल. आणि केला. तिचे कागद तोपर्यंत गेलेले नव्हते. ते आमच्या हाताने गेले. व्हायरसने फोल्डर फक्त लपवलेले होते, हे आम्हाला महिनाभराने कळले. मूळ कागद गावी, गाव एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून पुढे. अर्जाची मुदत वाढली म्हणून ती वाचली. मुदत वाढली नसती तर वर्षाची शिष्यवृत्ती आमच्या अडाणीपणामुळे बुडाली असती. समाजशास्त्रात एम.ए. असून हा अडाणीपणा, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर संगणकच बिघडला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट घेतले की दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपायचा, पंखा घरघरत राहायचा. दुरुस्तीवाल्याने पाहिले आणि म्हणाला, “भाऊ, फॉरमॅट. पाचशे रुपये.” या वेळी आमचे हात थरथरले. त्या संगणकात सफाई कामगार कुटुंबांच्या पाहणीच्या दोन वर्षांच्या नोंदी होत्या आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. दुसरी प्रत का नव्हती, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी आम्हाला विचारावा, आणि स्वतःलाही विचारावा.

फॉरमॅट नको म्हटल्यावर आत काय चालले आहे ते पाहणे भाग पडले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. अभ्यासिकेतला बारावीचा एक पोरगा शेजारी बसला होता. यादी पाहून तो अहिराणीतच बोलला, “हाई काय शे?” एसव्हीसीहोस्ट, एसव्हीसीहोस्ट, एसव्हीसीहोस्ट. एकाच नावाच्या साठेक नोंदी. त्याला वाटले, हाच व्हायरस, पिल्ले घालतोय. त्याने दोन-तीन नोंदी मारल्या. पहिल्यांदा आवाज गेला, मग नेट गेले आणि अर्धा भरलेला अर्जही गेला.

वास्तविक एसव्हीसीहोस्ट हे विंडोज २००० पासूनचे मायक्रोसॉफ्टचेच यजमान-घर आहे. विंडोजच्या बऱ्याच सेवा स्वतंत्रपणे चालू शकत नाहीत, त्या या घरात राहून काम करतात. आवाज, नेट, अपडेट अशा अनेक. पूर्वी एका घरात आठ-दहा सेवा दाटीवाटीने राहायच्या. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या संगणकात बहुतेक सेवांना वेगळे घर मिळाले, म्हणून यादी एवढी लांब दिसते. गर्दी म्हणजे रोग नव्हे. नोंदीवर उजवी क्लिक करून ‘गो टू सर्व्हिसेस’ म्हटले की त्या घरात कोण राहते ते कळते.

आमचा डेटा खाणारी सेवा निघाली डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. ती अपडेट उतरवून घेते आणि सेटिंग तशी असेल तर आपल्याकडचे तुकडे दुसऱ्या संगणकांना पुरवतेही. ती गुन्हेगार नव्हती, पण आमचा दीड जीबीचा रोजचा रिचार्ज तिला परवडणारा नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’ ठरवले आणि दुसऱ्या संगणकांना पुरवठा बंद केला. डेटा टिकू लागला. पाचशे रुपये वाचले, पाहणीही वाचली.

पंखा मात्र घरघरतच होता.

मग आम्ही सगळीकडे सांगितला जातो तो नियम लावला. अनोळखी प्रोसेसचे नाव पाहा आणि ठिकाण पाहा. उजवी क्लिक, ‘ओपन फाइल लोकेशन’. खरा एसव्हीसीहोस्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम ३२ मध्ये राहतो. त्याच नावाचा एखादा डाउनलोड्समध्ये किंवा टेम्पमध्ये सापडला तर तो तोतया. नियम उपयोगाचा आहे. पण सांगताना आम्हाला हसू आले. खोली भाड्याने मागताना आम्हाला हेच दोन प्रश्न विचारले जातात. आडनाव काय? गाव कोणते? त्या दोन उत्तरांवर माणूस ओळखल्याचा दावा करणारी व्यवस्था आयुष्यभर फसत आली आहे, आणि इथे आम्हीही फसलो. कारण यादीत डब्ल्यूस्क्रिप्ट नावाची एक प्रोसेस होती. नाव मायक्रोसॉफ्टचे, ठिकाण सिस्टिम ३२, डिजिटल सही अस्सल. आम्ही तिला दोन दिवस सोडून दिले.

डब्ल्यूस्क्रिप्टचे कामच मुळी दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट चालवणे. ती कोण आहे, यापेक्षा ती कोणाचा हुकूम पाळते आहे हा प्रश्न खरा होता. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये रकान्यांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा रकाना जोडता येतो. तो जोडला आणि उत्तर समोर आले: अ‍ॅपडेटा फोल्डरात लपलेली एक व्हीबीएस फाइल. पेन ड्राइव्हमधून आलेली, संगणक सुरू झाला की सुरू होणारी आणि नवा पेन ड्राइव्ह लागला की त्यातले फोल्डर लपवून शॉर्टकट ठेवणारी. शिरपूरच्या मुलीच्या पेन ड्राइव्हमध्ये झाले होते ते हेच. कदाचित तो संसर्ग तिने आमच्याकडे आणला असेल. कदाचित आमच्याच संगणकाने आधी कितीतरी पोरांना दिला असेल. दुसरी शक्यता आम्हाला जास्त झोंबते.

प्रोसेस थांबवली, स्टार्टअपमधली नोंद काढली, फाइल पुसली, डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन केले. पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरवरची लपवल्याची खूण अ‍ॅट्रिब या जुन्या आदेशाने काढता येते. कागद जसेच्या तसे परत येतात.

इथवरचे प्रकरण किरकोळ चोरांचे. पण आपण चळवळीची माणसे आहोत, म्हणून पुढचे सांगणे गरजेचे आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांचा संगणक एप्रिल २०१८ मध्ये जप्त झाला. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने त्याची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढे आलेल्या तिच्या अहवालानुसार जून २०१६ मध्ये एका ईमेलमधून नेटवायर हा प्रोग्राम त्या संगणकात शिरला, बावीस महिने आतच राहिला आणि आक्षेपार्ह ठरवलेली पत्रे त्याच्या मार्फत लपवलेल्या फोल्डरात ठेवली गेली. ती पत्रे त्या संगणकावर कधी उघडली गेल्याची खूण सापडली नाही, असेही अहवाल म्हणतो. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही पुढे असाच अहवाल आला. एनआयएला हे निष्कर्ष मान्य नाहीत, खटल्याचा निकालही झालेला नाही. तो न्यायालयाचा विषय. आमचा मुद्दा वेगळा आहे. नेटवायर हे दूरवरून संगणक चालवण्याचे साधन म्हणून इंटरनेटवर उघड विकले जात होते. मार्च २०२३ मध्ये क्रोएशियात त्याच्या विक्रीच्या संशयावरून एकाला अटक झाली आणि एफबीआयने त्याची वेबसाइट ताब्यात घेतली. तोवर ते बाजारात होते.

टास्क मॅनेजर पाहिला, काही दिसले नाही, म्हणजे संगणक स्वच्छ, असे कुणी समजू नये. असले प्रोग्राम दुसऱ्या अस्सल प्रोसेसच्या आत शिरून बसू शकतात. आणि असा संशय आलाच तर शॉर्टकट व्हायरसला जे केले ते करायचे नाही. पुसू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. विल्सन यांच्या बाजूने आज जे काही बोलता येते, ते त्या डिस्कमध्ये खुणा शिल्लक राहिल्या म्हणून. नेट तोडा, तारीख-वेळ लिहा, स्क्रीनचा फोटो काढा, जाणकार माणूस आणि वकील गाठा.

आता अभ्यासिकेत संगणकाशेजारी दोनशे पानी वही आहे. अनोळखी प्रोसेस दिसली की तिचे नाव, ठिकाण, कुणाचा हुकूम आणि ती किती खाते हे पोरे लिहितात. पाहणीच्या नोंदींची एक प्रत जळगावला आमच्या कपाटात आहे. बारावीच्या त्या पोराने गेल्या आठवड्यात लिहिलेल्या एका नावापुढचा रकाना अजून कोरा आहे. प्रिंटरच्या कंपनीचे असावे, असा त्याचा अंदाज आहे. अंदाज आहे म्हणून त्याने ते पेन्सिलीने लिहिले आहे.