कोचीनचा डच कमांडर

शाळेच्या इतिहासात डचांच्या वाट्याला फार तर दोन ओळी येतात. पोर्तुगीजांच्या मागून आले, वखारी घातल्या, इंग्रजांपुढे टिकले नाहीत... संपलं! आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला १६३७ साली त्यांनी वखार घातली, हे तिकडच्या लोकांना ठाऊक असतं, बाकीच्यांना तेही नसतं. निवृत्तीनंतर वेळच वेळ असल्यामुळे मी या दोन ओळींच्या मागे लागलो आणि त्यातून एक माणूस हाती लागला. त्याच्याविषयी आज लिहायचं आहे.

त्याचं नाव हेंड्रिक व्हान ऱ्हीड. (डच उच्चार ‘रेडे’च्या जवळ जातो म्हणतात, पण मराठीत तसं लिहिलं तर भलतंच व्हायचं!) जन्म १६३६ चा, घराणं सरदारी. पण सरदारी घराण्यातल्या धाकट्या मुलांना घरी बसून खाणं परवडत नसे. विशीत हा डच ईस्ट इंडिया कंपनीत शिपाईगिरी करायला पूर्वेकडे निघाला. १६६३ च्या जानेवारीत डचांनी पोर्तुगीजांकडून कोचीन घेतलं, त्या लढायांत तो होता. आदल्या वर्षीच्या चकमकीत कोचीनच्या वृद्ध राणीला त्यानंच ताब्यात घेतलं होतं. पुढे सात वर्षांत तो मलबारचा कमांडर, म्हणजे तिथल्या डच मुलुखाचा मुख्य कारभारी झाला.

कारभार कसला, तर मिऱ्यांचा. स्थानिक राजांशी करार करायचे, पिकलेली मिरी कंपनीलाच आणि कंपनीच्याच भावानं द्यायची हे कबूल करून घ्यायचं, दुसऱ्याला कोणी विकली तर बंदोबस्त करायचा. दोन राजे भांडत असतील तर त्यात आपला हात घालायचा. हे सगळं व्हान ऱ्हीडनं मन लावून केलं. तेव्हा त्याला कोणी साधुपुरुष समजू नये.

पण या मिऱ्यांच्या व्यापाऱ्यानं एक विलक्षण उद्योग केला. मलबारातल्या झाडाझुडपांचा, वेलींचा, गवतांचा एक प्रचंड ग्रंथ त्यानं तयार करवून घेतला. ‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे मलबारची बाग. १६७८ पासून ॲमस्टरडॅमला एकेक खंड छापून निघू लागला, असे बारा खंड झाले. शेवटचा निघाला तेव्हा तो स्वतः हयात नव्हता. सातशे बेचाळीस वनस्पती, आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आठशेच्या जवळपास चित्रं. सुरुवात कशानं केली असेल? नारळानं! केरळात बसून दुसऱ्या कशानं करणार म्हणा.

हे त्यानं का केलं? विद्येची हौस होतीच. पण पोटात राजकारणही होतं. त्याचा वरिष्ठ व्हान गून्स सिलोनचा अभिमानी होता, बटाव्हियाऐवजी कोलंबो ही कंपनीची राजधानी व्हावी अशी त्याची खटपट चालू होती. मलबार त्याच्या हिशेबात दुय्यम. व्हान ऱ्हीडला दाखवायचं होतं, की ही भूमी नुसत्या मिऱ्यांची नाही. शिवाय औषधांचा एक गंमतशीर व्यवहार चालत असे. पूर्वेकडच्या मुळ्या-साली जहाजानं युरोपात जायच्या आणि तिथून औषध म्हणून पुन्हा पूर्वेकडच्या दवाखान्यांत यायच्या! वाटेत कुजलेल्या, वर पैसे मोजून. दारात उगवणारं औषध ओळखता आलं तर हा खर्च वाचेल, असा रोखठोक हिशेब त्यामागे होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. झाडं ओळखायची कोणी? डचांना त्यातलं काय कळणार! त्यांनी विचारलं इथल्याच माणसांना. चेर्तलाजवळचा इट्टी अच्युतन नावाचा ईळव जातीचा परंपरागत वैद्य होता, त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची ताडपत्रं होती. आणि कोचीनचे तीन कोकणी ब्राह्मण होते : रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळे गोव्याहून देव पाठीशी बांधून जी घराणी दक्षिणेकडे गेली, तोच हा समाज. माहिती मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये, तिथून लॅटिनमध्ये जाई. पहिल्या खंडांच्या लॅटिनवर हात फिरवणारा पाद्री कॅसेरियस तरुणपणी तत्त्वज्ञ स्पिनोझाकडे शिकलेला. केरळच्या वैद्याचं बोलणं स्पिनोझाच्या शिष्यापर्यंत पोचलं, याचं मला फार नवल वाटतं.

त्या काळी असं ज्ञान घेऊन ग्रंथावर आपलं एकट्याचं नाव घालणं अगदी सहज होतं. त्याला जाब कोण विचारणार होतं? पण व्हान ऱ्हीडनं पहिल्या खंडात या लोकांच्या साक्षी छापल्या, आणि त्याही त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच अक्षरात. अच्युतनची मल्याळममध्ये, तिघा भटांची कोकणीत, नागरी लिपीत. तारीख १६७५ च्या एप्रिलची. रायगडावर राज्याभिषेक झाला त्याला अजून वर्ष पुरं व्हायचं होतं! आम्ही सकाळ-संध्याकाळ बसून हे काम केलं, झाडं आणून, तपासून, गुण सांगितले, अशा अर्थाचं ते निवेदन आहे.

लिपीचं महत्त्व मला शिक्षक म्हणून जास्तच वाटतं. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं ते रोमन लिपीत. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला निघालं ते १८०५ मध्ये. या दोहोंच्या मध्ये, १६७८ साली, ॲमस्टरडॅमच्या कारागिरानं आपल्याला एक अक्षर कळत नसताना रंग भटांचं हस्ताक्षर तांब्यावर जसंच्या तसं कोरलं. झाडांच्या चित्रांवरही नावं मल्याळम, अरबी आणि नागरीत आहेत.

म्हणून सगळं गोड होतं असं नाही. ब्राह्मणांची साक्ष वेगळी, ईळव वैद्याची वेगळी. रानात जाऊन झाडं आणणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या माणसांची नावं तर कुठेच नाहीत. म्हणजे श्रेय देणाऱ्या साहेबाचीही नजर एका पायरीपर्यंतच पोचली. आणि मिऱ्यांचा भाव ठरवणारा हात आणि साक्षीखाली नावं घालणारा हात एकच होता, हे विसरता येत नाही. मला स्वतःला या दोन गोष्टींची वजाबाकी करावीशी वाटत नाही. एकीनं दुसरी फिटत नाही. दोन्ही त्याच्याच खात्यावर राहू देत.

व्हान गून्सशी बिनसल्यावर तो मलबार सोडून मायदेशी परतला. १६८४ मध्ये कंपनीनं त्याला पुन्हा पाठवलं, या वेळी आपल्याच अधिकाऱ्यांच्या लाचखोरीची तपासणी करायला. केप, बंगाल, कोरोमंडल, सिलोन, मलबार अशी सात वर्षं तो फिरला. असा तपासनीस कोणाला आवडतो? शेवटचा मुक्काम सुरतेचा होता. पण १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावरच त्याचा अंत झाला. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची घुमटाची भव्य कबर आहे. इंग्रजांच्या दफनभूमीतल्या ऑक्झिंडेनच्या कबरीहून आपली मोठी दिसावी म्हणून ती एवढी बांधली, असं सांगतात. १६६४ साली महाराजांच्या स्वारीत वखार लढवणारा ऑक्झिंडेन तोच. असो.

लिनिअसनं पुढे वनस्पतींना नावं देताना या ग्रंथाचा भरपूर उपयोग केला. वेलदोड्याचं ‘एलेट्टारिया’ आणि करंजाचं ‘पाँगामिया’ ही शास्त्रीय नावं मूळ मल्याळमच आहेत. व्हान ऱ्हीडच्या नावानंही लिनिअसनं ‘ऱ्हीडिया’ हे कुळ केलं होतं, पण ते पुढच्या शास्त्रज्ञांनी ‘गार्सिनिया’त मिळवून टाकलं. गार्सिनिया म्हणजे आपल्या रातांब्याचं कुळ. साहेब शेवटी आमसुलात विरघळले!

ग्रंथ मात्र सव्वातीनशे वर्षं लॅटिनमध्येच अडकून होता. कालिकत विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची पस्तीसहून अधिक वर्षं त्यापायी घातली. त्यातली झाडं पुन्हा रानात जाऊन शोधली आणि २००३ मध्ये इंग्रजी, २००८ मध्ये मल्याळम भाषांतर आणलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १ जानेवारी २०२५ रोजी ते गेले. मराठीत मात्र यातलं पाच-पन्नास झाडांपुरतंही कोणी आणलेलं माझ्या वाचनात नाही.

मूळ खंड आता इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. रंग भटांच्या साक्षीचं पान मी संगणकावर मोठं करून पाहिलं. पहिल्या ओळी अडखळत लागतात. मग हळूहळू अक्षराचं वळण ओळखीचं वाटायला लागतं.