खेकड्याची नांगी

रसायनशास्त्राच्या परिभाषेत एखादी प्रतिमा इतकी जिवंत राहिलेली क्वचितच आढळते. ‘कीलेशन’ या शब्दाच्या मुळाशी ग्रीक ‘खेले’ आहे, म्हणजे खेकड्याची नांगी (कोकणात डेंगा). मॉर्गन आणि ड्र्यू यांनी १९२० साली तो योजला, कारण एकच रेणू धातूच्या अणूला दोन बाजूंनी धरतो. आपल्या भाषेत विष ‘उतरते’. शिसे, तांबे, आर्सेनिक मात्र असे उतरत नाहीत. त्यांना कोणीतरी पकडून मूत्रावाटे बाहेर न्यावे लागते.

हे औषध युद्धाचे अपत्य. लुइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धविषावर उतारा म्हणून ऑक्सफर्डला रुडॉल्फ पीटर्स यांच्या गटाने दुसऱ्या महायुद्धात ‘बीएएल’ तयार केले. ते शेंगदाणा तेलातून स्नायूत खोल टोचावे लागे, आणि ते फार दुखे. १९५६ साली जॉन वॉल्श यांनी विल्सनच्या आजारावर पेनिसिलामाइन हे पोटात घेण्याचे औषध पुढे आणले. रुग्णाला देण्यापूर्वी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले होते.

माझ्या धाकट्या बहिणीला हाच आजार आहे. यकृतात आणि मेंदूत तांबे साठत जाते. तिचे आधी बिघडले ते अक्षर. शाळेने त्याला निष्काळजीपणा म्हटले. पुढे नेत्रतज्ज्ञांनी बुबुळाच्या कडेचे तपकिरी वलय दाखवले. ज्या तांब्याच्या हंड्यातले पाणी आजी औषध मानत असे, तो माळ्यावर गेला. गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही आठवडे हाताचा कंप उलट वाढला (काही रुग्णांत असे होते), मग हळूहळू ओसरला. अक्षर परतले, पूर्वीचे वळण नाही.

म्हणूनच ‘शरीरातील धातू काढून टाका’ अशा जाहिरातींची मला चीड येते. शुद्धीची आपली ओढ जुनी आहे, पण नांगीला शुद्धाशुद्ध कळत नाही. शिसे काढण्यासाठी ईडीटीएचे कॅल्शियमयुक्त रूप वापरतात. त्याचे केवळ सोडियमयुक्त रूप रक्तातले कॅल्शियमच ओढून घेते आणि हृदय बंद पडू शकते. २००५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात स्वमग्नतेवरील उपचार म्हणून ते टोचलेला पाच वर्षांचा मुलगा असाच दगावला. त्याच्या आईवडिलांना काय सांगितले गेले असेल, याची कल्पना मला सहज करता येते.

बहीण ‘सफाई’ हा शब्द वापरत नाही. ठराविक काळाने ती चोवीस तासांचे मूत्र तपासायला देते, किती तांबे बाहेर पडले ते पाहते, आणि पुढची मात्रा डॉक्टर ठरवतात.