मुलाखतीत ‘मी’ म्हणायला संकोच कशाला?

स्वतःची स्तुती स्वतः करू नये, हे मराठी घरातल्या मुलांना लहानपणापासून ऐकवले जाते. मोठ्यांपुढे कमी बोलावे, कुणी कौतुक केलेच तर ‘सगळ्यांनी मिळून केलं’ म्हणावे. संसारात आणि शेजारपाजारी ही शिकवण उपयोगीच पडते. पण नोकरीच्या मुलाखतीत समोरचा अधिकारी म्हणतो, ‘‘स्वतःबद्दल सांगा,’’ आणि नेमकी हीच शिकवण आडवी येते.

दिल्लीला लागून असलेल्या गुडगावात हा अनुभव कित्येक मराठी मुलामुलींना येतो. २०१६ पासून या शहराला गुरुग्राम म्हणतात. १९८३ मध्ये इथल्या मारुतीच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. १९९७ मध्ये अमेरिकेच्या जीई कंपनीने इथे कार्यालयीन कामांचे केंद्र सुरू केले. तेच पुढे जेनपॅक्ट नावाची स्वतंत्र कंपनी झाले. बिले तपासणे, हिशेब जुळवणे अशी परदेशातली कामे इथे होऊ लागली आणि इंजिनीयर नसलेल्या बी.कॉम., बी.ए. झालेल्यांनाही मोठ्या कंपन्यांची दारे उघडली.

भुसावळची अशीच एक बी.कॉम. मुलगी जानेवारीत दिल्लीला आली आणि पहाडगंजला मावशीकडे उतरली. थंडीत धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात, म्हणून ती दोन दिवस आधीच निघाली होती. आदल्या दिवशी मावशीबरोबर जाऊन तिने रस्ताही पाहून ठेवला. नवी दिल्ली स्टेशनवरून मेट्रोच्या यलो लाइनने सिकंदरपूर, तिथून रॅपिड मेट्रोने सायबर सिटी. कंपनीची माहिती वाचली होती, हिशेबाची उजळणी झाली होती, इंग्रजी उत्तरे तोंडपाठ होती.

लेखी परीक्षा उत्तम गेली. गटचर्चेतही मोजके, पण मुद्द्याचे बोलून ती पुढे गेली. मुलाखतीत मात्र तिची निवड झाली नाही.

रात्री जेवताना मावशीच्या यजमानांनी शांतपणे चौकशी केली.

‘‘काय विचारलं गं त्यांनी?’’

‘‘स्वतः केलेलं एखादं काम सांगा म्हणाले. मी आईच्या बचत गटाचं सांगितलं. आम्ही हिशेब ठेवायचो, एकदा आम्ही चूक शोधून काढली...’’

‘‘चूक शोधली कोणी?’’

‘‘मीच. एका बाईचा हप्ता दुसरीच्याच नावावर चढला होता. सगळ्या पावत्या घेऊन बसले, तेव्हा सापडलं.’’

‘‘मग हे तिथे का नाही सांगितलंस?’’

‘‘आपलं आपणच काय सांगायचं, काका?’’

मावशीने पोळी वाढता वाढता म्हटले, ‘‘अगं, तू नाही सांगितलंस तर त्यांना कळणार कसं? ते काय भुसावळला चौकशीला जाणार आहेत?’’

मावशीचे म्हणणे अगदी व्यवहाराचे होते. मुलाखत घेणाऱ्याच्या हाती जेमतेम अर्धा तास असतो. त्याला बचत गट नोकरीवर घ्यायचा नसतो, समोर बसलेली व्यक्ती घ्यायची असते. ‘आम्ही केलं’ या उत्तरातून त्या व्यक्तीचा वाटा त्याला कळतच नाही. मग तो दुसऱ्या उमेदवाराकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

यानंतर आठ दिवस रोज संध्याकाळी काका अधिकारी झाले आणि मुलगी उमेदवार. उत्तराचे चार भाग ठरले. अडचण काय होती, जबाबदारी कोणती होती, स्वतः काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले. जे केले नाही ते एक अक्षरही सांगायचे नाही, कारण पुढच्याच प्रश्नात ते उघडे पडते. काकांनी मुद्दाम अवघड प्रश्नही विचारले. लग्न कधी करणार, असे कुणी विचारले तर? चिडायचे नाही, कामाबद्दल शांतपणे बोलायचे. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती कायम राहिली, हे मनाशी पक्के असले की आवाज डळमळत नाही. आणि नोंदणी किंवा अनामत म्हणून कुणी पैसे मागितले, तर सरळ घरी परतायचे. चांगली कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

पुढची मुलाखत नॉइडात होती. तिथे तिने पावत्यांची तीच हकिकत सांगितली, या वेळी ‘मी’ म्हणून. अधिकाऱ्याने खोदून खोदून विचारले. प्रसंग स्वतःचाच असल्यामुळे पाठ केलेल्या उत्तरांची गरज पडली नाही. इंग्रजी दोनदा अडखळले, पण सांगणे थांबले नाही. चार दिवसांनी निवडीचे पत्र आले.

नम्रता तिने सोडली नव्हती. गटातल्या बायकांनी जुन्या पावत्या जपून ठेवल्या म्हणूनच चूक सापडली, हेही तिने आवर्जून सांगितले होते. इतरांचे श्रेय त्यांना द्यावे आणि आपले लपवू नये, दोन्ही एकाच उत्तरात बसते.

ही सवय मुलाखतीच्या आठवड्यात लागत नाही. शाळेतून आलेल्या मुलाला ‘किती मार्क पडले?’ एवढेच विचारण्यापेक्षा ‘आज तू स्वतः काय केलंस?’ असे विचारून पाहावे आणि त्याचे उत्तर मध्येच न तोडता ऐकावे. घरच्यांसमोर न घाबरता ‘मी’ म्हणायला शिकलेल्या मुलांना परक्यासमोर ते जड जात नाही.