दादांची दुनळी

आमच्या घरात दुनळी बंदूक आहे हे मी स्टाफरूममध्ये कधी सांगितलं नव्हतं. मास्तर माणूस, त्यातून उर्दू शिकवणारा. त्यावर कोण काय विनोद करेल, हे मला आधीच माहीत होतं.

दादांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती १९५१ नंतर कधीतरी एका मालगुजाराकडून घेतली. तेव्हा आमचा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी कायद्याने गेली होती आणि वाड्यांमधलं सामान हळूहळू बाहेर येत होतं. कोणी झुंबर घेतलं, कोणी शिसवी पलंग. दादांनी बारा बोअरची, बर्मिंगहॅमची बंदूक घेतली.

हिवाळ्यात ते हिंगणघाटच्या आसपासच्या तलावांवर आणि वणा नदीच्या डोहांवर जायचे. तलवार बदक, चक्रांग, हळदी-कुंकू. सोबत सात-आठ वर्षांचे अब्बा. अब्बांचं काम एकच, पडलेला पक्षी जिवंत असेपर्यंत दादांच्या हातात आणून द्यायचा. आमच्याकडे चालत आलेल्या हनफी मसल्याप्रमाणे बिस्मिल्लाह म्हणून बार काढला तरी छऱ्याने मेलेला पक्षी हलाल होत नाही. छर्रा धारेने कापत नाही, आघाताने मारतो. म्हणून जीव असतानाच सुरी फिरली पाहिजे. बार झाला की दादा ओरडायचे, "दौड, जिंदा है!" आणि अब्बा डिसेंबरच्या पाण्यात. किती तरी वेळा पोचेपर्यंत मान लटकलेली असायची. ते पक्षी कोणाच्याच ताटात आले नाहीत. अब्बा आजही जेवताना बदकाचा विषय निघाला की गप्प होतात.

सलीम अली लहानपणी मुंबईकडे एअरगनने चिमण्या मारत. एकदा गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी पडली. ती मुसलमानाने खाण्याजोगी आहे का, हा पहिला प्रश्न. मामा अमिरुद्दीन तय्यबजींना विचारलं, त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गोष्टीतला हलाल-हरामचा भाग सांगणारे बहुतेक गाळतात. मला तोच सगळ्यात ओळखीचा वाटतो.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची उरलीसुरली वाटही बंद झाली. ठीकच झालं. पण बंदूक राहिली. अब्बा दर वेळी परवान्याचं नूतनीकरण करायचे, दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करायचे, निकालानंतर परत आणून तेल द्यायचे. पक्ष्यावर त्यांनी ती कधीच चालवली नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने सत्तरी गाठली की वारसाच्या नावे परवाना मागता येतो. अब्बांनी कागद माझ्यापुढे सरकवले.

धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, दिवस कसे आहेत पाहता ना? जमा करून मोकळे व्हा." त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. तरी अर्ज केला. चौकशीला आलेल्या जमादारांनी विचारलं, "सर, तुम्हाले बंदूक कायले पाहिजे?" मी म्हटलं, वडिलांची आहे. त्यांनी वहीत काही लिहिलं. मग शेजारच्या किराणावाल्याला विचारायला गेले. तो म्हणाला, "सरांच्यानं उंदीर मारणं होत नाही साहेब." माझ्या चारित्र्याचा एवढा चांगला दाखला मला कोणी दिला नव्हता. तरी परवाना हातात यायला दीड वर्ष गेलं. त्यात किती उशीर नेहमीचा आणि किती माझ्या नावाचा, याचा हिशेब मी घालत बसलो नाही. खोटं कशाला बोलू, रात्री घातला.

चालवून पाहण्याआधी ती एका जुन्या कारागिराला दाखवली. त्याने नळ्या उतरवून दोरीला टांगल्या आणि नखाने टिचकी मारली. घंटेसारखा नाद आला, म्हणजे दोन्ही नळ्यांचा जोड पक्का. मग खालचा शिक्का दाखवला: मुकुट आणि त्याखाली इंग्रजी एन. पी. ही नायट्रो दारूची बर्मिंगहॅमची चाचणी, १९०४ पासूनची. "पण घर पासष्ट मिलिमीटरचं आहे. सत्तरचं काडतूस आत बसेल, पण फुटताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळणार नाही, दाब वाढेल. बसतं म्हणून टाकू नका." पासष्टचीच आणली.

रेंजवर कागदाचं निशाण होतं. अब्बा मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मी दस्ता खांद्याला लावला आणि तोंडातून आपसूक बिस्मिल्लाह निघालं. कागदासाठी! उजव्या नळीचा बार काढला. खांद्याला धक्का, कानात शिट्टी, दारूचा वास.

वळून पाहिलं तर अब्बा खुर्चीतून अर्धे उठलेले होते. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, एक पाय पुढे, चप्पल निसटलेली. सत्याहत्तर वर्षांचा माणूस. क्षणभर तसेच राहिले, मग चप्पल शोधत खाली बसले.

डाव्या नळीतलं काडतूस मी काढून घेतलं. रिकामं झालेलं अब्बांनी मागितलं, हुंगलं आणि खिशात घातलं. परवान्यावर काडतुसांचा हिशेब असतो, म्हणून रात्री मला ते परत मागावं लागलं.